काउंट ऑफ माँटे क्रिस्टो (२००२): सूड तलवारीने घ्यावा की हिशेबाने?

शिडाचे_जहाज (धागाकर्ता)

२००२ सालचा 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' इथे कितीजणांनी पाहिलाय? दिग्दर्शक केव्हिन रेनॉल्ड्स. एडमंड दान्तेस झालाय जिम कॅव्हिझेल, त्याला दगा देणारा फर्नांड म्हणजे गाय पिअर्स आणि तुरुंगातला म्हातारा अबे फारिया म्हणजे रिचर्ड हॅरिस. हॅरिस त्याच वर्षी गेला, त्यामुळे त्याच्या अगदी शेवटच्या कामांपैकी हे एक. आल्बर्टचं काम करणारं कोवळं पोरगं पुढे सुपरमॅन झालं, हेन्री कॅव्हिल.

(पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे. कादंबरी १८४४ साली छापायला लागली, आता काय लपवायचं.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मार्सेयचा एक तरुण खलाशी. नुकताच कप्तान झालाय, मर्सिडीजशी लग्न ठरलंय. एल्बा बेटावर स्थानबद्ध असलेला नेपोलियन त्याच्या हाती एक पत्र देतो. पठ्ठ्याला वाचताच येत नाही, त्यामुळे आत काय आहे याचा पत्ता नाही. त्याच्यावर जळणारे त्याला राजद्रोही ठरवतात आणि तो शातो दिफ नावाच्या समुद्रातल्या किल्ल्यात कायमचा आत जातो. तिथे बाहेर पडायला भुयार खणणारा फारिया दिशा चुकून याच्या कोठडीत उगवतो. लिहायला-वाचायला शिकवतो, तलवार शिकवतो, मरताना खजिन्याचा नकाशा देतो. फारियाच्या प्रेताच्या जागी एडमंड पोत्यात शिरतो, समुद्रात फेकला जातो, आणि यथावकाश पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात एक अफाट श्रीमंत काउंट अवतरतो.

मूळ कादंबरी अलेक्झांडर ड्युमाची. ११७ प्रकरणं, इंग्रजीत पूर्ण घेतली तर बाराशेच्या वर पानं. सिनेमा १३१ मिनिटांचा. म्हणजे कापाकापी होणारच. पण कुठे कापलं आणि काय जोडलं हे बघण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठा बदल फर्नांडचा. पुस्तकात तो एक गरीब कॅटलन कोळी आहे, मर्सिडीजचा चुलतभाऊ, उघडउघड तिच्या प्रेमात. कटाचं डोकं जहाजावरच्या हिशेबनिसाचं, डांग्लारचं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून निनावी पत्र तो डाव्या हाताने लिहितो. सिनेमात फर्नांड खानदानी उमराव आणि एडमंडचा लहानपणापासूनचा मित्र. सैनिकांच्या तावडीतून निसटून एडमंड थेट या मित्राच्या घरी येतो आणि तिथेच खरा घात होतो. का केलंस, असं एडमंड विचारतो तेव्हा फर्नांड जे ओरडतो त्याचा मतितार्थ असा: तू एका कारकुनाचा पोर, आणि तुझ्यासारखं व्हावंसं मला वाटणं हेच मला सहन होत नाही. सगळं असलेला माणूस काहीच नसलेल्यावर जळतो. हे मला पुस्तकापेक्षा सरस वाटलं. वाचकमंडळींनी दगड मारावेत.

दुसरा बदल तलवारीचा. पुस्तकातला काउंट सूड म्हणून तलवार उपसतच नाही. कर्जं, रोखे, खोट्या बातम्या, जुनी लफडी यांतूनच तो माणसं संपवतो. सिनेमात फारिया हा पूर्वाश्रमीचा सैनिक आहे, वरून टपटपणाऱ्या पाण्याच्या थेंबांमधून हात न भिजवता फिरवायचा सराव तो करून घेतो, आणि शेवटी मोकळ्या माळावर खणाखणी. यालाही माझी हरकत नाही. रोख्यांचे भाव पडताना दाखवून कोण तिकीट काढणार?

तिसरा बदल मात्र मला पचत नाही. पुस्तकात व्हिलफोरची (एडमंडला तुरुंगात धाडणारा सरकारी वकील) दुसरी बायको घरात एकेकाला विष घालत सुटते. काउंटला ते माहीत असतं, विषाबद्दलचं ज्ञान तिला त्याच्याच तोंडून मिळालेलं असतं. अखेर ती स्वतः विष घेते आणि आपल्या लहान मुलालाही बरोबर नेते. व्हिलफोर काउंटला हाताला धरून ती दोन प्रेतं दाखवतो, झाला का तुझा सूड पुरा म्हणून विचारतो, आणि वेडा होतो. काउंटचा पाय पहिल्यांदा तिथे लटपटतो. सिनेमात असलं काही नाही. सिनेमातला एडमंड पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबरच असतो. ज्या सूडाची किंमत घेणाऱ्याला काहीच मोजावी लागत नाही, तो तुम्हाला पटतो का?

---

तिखटमीठ

पटतो! मी तीनदा पटवून घेतलाय.

अहो जहाजराव, हा सत्तरच्या दशकातला हिंदी सिनेमा आहे. मित्राचा दगा, नायिकेचं खलनायकाशी लग्न, खलनायकाच्या घरात वाढणारा मुलगा नायकाचाच निघणं, आणि शेवटची मारामारी पडक्या वाड्यात. मर्सिडीज बोटातला तो दोऱ्याचा छल्ला इतकी वर्षं काढत नाही, ते मंगळसूत्र नाही तर काय? बिछडलेल्या आईचं लॉकेट तेवढं राहिलं.

आणि मेजवानीला बलूनमधून उतरणं. पुस्तकात आहे का हे?

---

शिडाचे_जहाज

> पुस्तकात आहे का हे?

नाही. बलून सर्वस्वी सिनेमावाल्यांचं. पुस्तकातला काउंट साडेदहाला येतो म्हणाला की साडेदहाचे ठोके पडत असताना दारात उभा असतो, त्याची छाप पडते ती तशी.

---

आडवाटेचा_वाचक

जहाजराव, दगड मारायची परवानगी दिलीत म्हणून मारतो.

व्हिलफोरच्या मुलाचं तुम्ही म्हणता ते खरंच. पण सिनेमाने त्याहून मोठी माती खाल्ली आहे ती आल्बर्टच्या बाबतीत. आल्बर्ट एडमंडचाच मुलगा! इथे टाळ्या पडतात, आणि इथेच गोष्ट मरते.

पुस्तकात काय आहे ते आठवा. फर्नांडची जुनी पापं काउंट उघडकीला आणतो. बापाची अब्रू गेली म्हणून आल्बर्ट काउंटला द्वंद्वाचं आव्हान देतो. काउंटचा नेम असा की पत्त्यांच्या एक्क्या-दुर्र्यांवर गोळ्या मारून तो त्यांच्या तिर्र्या, पंजे, सत्ते करून दाखवतो, म्हणजे पोरगा मेल्यात जमा. आदल्या रात्री मर्सिडीज एकटी काउंटच्या घरी येते. तिने त्याला केव्हाच ओळखलेलं असतं, सगळ्या पॅरिसात फक्त तिने. ती मुलाचा जीव मागते. काउंट हो म्हणतो. आता ज्याने आपलं आयुष्य नासवलं त्याचा हा मुलगा आहे, आणि त्याला न मारणं म्हणजे उद्या सकाळी स्वतः मरणं. तरी तो हो म्हणतो. हा त्या माणसाचा मोठेपणा.

मग आई मुलाला सगळं खरं सांगते आणि द्वंद्वाच्या जागी आल्बर्ट चारचौघांत काउंटची माफी मागतो. मायलेक फर्नांडचा पैसा, घर, नाव सगळं टाकून निघून जातात. चवताळलेला फर्नांड काउंटकडे येतो, तू आहेस तरी कोण म्हणून विचारतो. काउंट आत जातो आणि खलाशाच्या जुन्या कपड्यांत बाहेर येतो. बास. फर्नांड भिंतीला धरत धरत बाहेर पडतो, घरी पोचतो तर बायको आणि मुलगा निघताना दिसतात. मागे गोळीचा आवाज. काउंटने बोटही लावलेलं नाही.

मुलगा स्वतःचाच असेल तर त्याला वाचवण्यात कसलं आलंय औदार्य? कोणीही वाचवेल.

---

गुळांबा

आडवाटेचे, अगदी मनातलं लिहिलंत. पण मर्सिडीजचं काय हो पुस्तकात?

दीड वर्ष वाट बघते, एडमंड मेला समजून लग्न करते, आणि उरलेलं सगळं पुस्तक त्याची शिक्षा भोगते. शेवटी मार्सेयला एडमंडच्या वडिलांच्या त्या छोट्या घरात एकटी, मुलगा अल्जीरियाला सैन्यात. तिने नेमका काय गुन्हा केला? तिघांना शिक्षा द्यायला निघालेल्या काउंटने तिच्या शिक्षेचं ओझं तिच्यावरच टाकलं, आणि ड्युमालाही ते रास्त वाटतं.

सिनेमात ती महिन्याभरात लग्न करते कारण ती गरोदर आहे. फिल्मी आहे, मान्य. पण निदान ती बाई म्हणून काही ठरवते तरी. आणि काउंटला गाठून तूच एडमंड आहेस असं तोंडावर म्हणते, भांडते.

त्यात पुस्तकाच्या शेवटी काउंट जातो कोणाबरोबर? विकत घेतलेल्या गुलाम मुलीबरोबर, जिला त्याने मुलीसारखं वाढवलं असं तो स्वतःच म्हणतो. सिनेमाने हायदेला गाळलं, फार उत्तम केलं.

---

आडवाटेचा_वाचक

गुळांबाताई, काउंट आणि हायदे एकत्र जातात हे मलाही खटकतंच. पण हायदेला गाळलं की फर्नांडचा निकाल लावणारी बाईच जाते.

ती यानिनाच्या अली पाशाची मुलगी. अली पाशा खरा, इतिहासातला. ऑटोमन सुलतानाशी बंड केलं आणि १८२२ मध्ये मारला गेला. कादंबरीत त्याला फितुरीने पकडून देणारा, त्याच्या बायको-मुलीला गुलाम म्हणून विकणारा फ्रेंच अधिकारी म्हणजे आपला फर्नांड. तो आता काउंट द मोर्सेर्फ, उमरावांच्या सभागृहाचा सदस्य. चौकशी चाललेली, पुरावा कोणाकडेच नाही, तो सुटणार असं वाटत असताना बुरखा घेतलेली हायदे आत येते आणि कागदपत्रं पुढे ठेवते. ह्याच्या हातावरच्या व्रणावरून मी ह्याला ओळखते, म्हणते. पुस्तकभर पडद्याआड असलेली मुलगी भर सभेत एका माणसाला संपवते. इतकं चांगलं प्रकरण गाळून माळावरची खणाखणी?

---

गुळांबा

हे मात्र बिनतोड. ते प्रकरण मलाही प्रचंड आवडतं. तेवढं ठेवून शेवट बदलायचा होता.

---

पुण्याचा_पक्या

एक बालिश प्रश्न. फारिया हे आडनाव गोव्यातलं वाटतं. योगायोग का?

---

कांदोळकार

वाटच बघत होतो, कोण विचारतंय ते. पक्या, योगायोग नव्हे रे. आमच्या कांदोळीचा माणूस तो.

जुझे कुस्तोदियो द फारिया, जन्म ३१ मे १७५६, बार्देशातल्या कांदोळीत. आईवडील वेगळे झाले, बाप पाद्री झाला आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण. बापलेक १७७१ मध्ये लिस्बनला गेले, तिथून पोराला शिकायला रोमला पाठवलं. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचे दरबारी बघून वाचाच बसली, तेव्हा खालून बापाने हळूच कोंकणीत सांगितलं, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' झालं, पोरगा सुटला. गोव्यात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस मिळायचा नाही.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध पिंटोंचं बंड झालं. बापाचं नाव त्यात गोवलं गेलं, आणि १७८८ मध्ये फारिया पॅरिसला सटकला. क्रांतीचा काळ तिथे काढला. १८११ मध्ये मार्सेयच्या लिसेत, म्हणजे सरकारी विद्यालयात, तत्त्वज्ञान शिकवत होता. मग परत पॅरिस. तिथे १८१३ पासून संमोहनाचे जाहीर वर्ग. त्या वेळी सगळे म्हणायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलासा चुंबकी द्रव वाहतो. फारिया म्हणाला, द्रवबीव काही नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं, आपण फक्त सुचवतो. आजही शास्त्र हेच मानतं. तेव्हा मात्र पॅरिसने त्याची टर उडवली, नाटकं काढली. १८१९ मध्ये गेला, गरिबीत. त्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं.

ड्युमाने नाव उचललं आणि माणूस इटालियन केला. शातो दिफमध्ये तो खरोखर कैदेत होता असं आमच्याकडे छातीवर हात मारून सांगणारे भेटतात. मला तो कादंबरीवरून उलटा लिहिलेला इतिहास वाटतो.

पण मुद्दा पुढे आहे. पुस्तकातला फारिया कोठडीत बसल्या बसल्या, नुसते प्रश्न विचारून, एडमंडला कोणी अडकवलं ते शोधून काढतो. कप्तान तू झाला नसतास तर फायदा कोणाचा? लग्न मोडलं तर फायदा कोणाचा? डावखुऱ्या अक्षराचीही उकल करतो. नंतर एडमंडचा चेहरा बघतो आणि म्हणतो, तुला मदत केली याचं मला वाईट वाटतंय, तुझ्या मनात नव्हती ती एक गोष्ट मी घातली, सूडाची. आता सांगा. समोरच्याच्या मनात सूचना पेरणारा माणूस. ड्युमाने फक्त आडनाव उचललं असं मला नाही वाटत.

---

पुण्याचा_पक्या

खतरनाक. म्हणजे पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी तो काळा पुतळा आहे, ज्यात एक माणूस बाईच्या अंगावर धावून जातोय असं वाटतं, तो हाच?

---

कांदोळकार

तोच. धावून जात नाही, संमोहित करतोय तिला. दर दुसरा पर्यटक तेच विचारतो. रामचंद्र पांडुरंग कामत यांचं शिल्प, १९४५ सालचं. पुढच्या वेळी आलास की चौथऱ्यावरची पाटी वाच, मग मासे खा.

---

शिडाचे_जहाज

कांदोळकारबाब, प्रतिसाद साठवून ठेवला. देव बरें करूं.

तुमच्यामुळे एक सुचलं. सिनेमातला फारिया मरताना एडमंडला बजावतो की हे धन चांगल्यासाठीच वापर, सूड देवावर सोड. एडमंड म्हणतो मी देव मानत नाही, तर म्हातारा म्हणतो, चालेल, तो तुला मानतो. वाक्य झकास. पण सूडाचं बी आपण पेरलं ही टोचणी सिनेमातल्या फारियाला नाही. म्हणजे इथेही सिनेमाने सज्जनांना धुऊन स्वच्छ ठेवलं. माझी तक्रार पक्की होत चाललीय.

---

आजोबा_ऑनलाईन

चर्चा वाचतो आहे. मी तार खात्यातून निवृत्त. सूड हिशेबाने घ्यायचा म्हणजे काय, याचं एक उदाहरण माझ्या खात्यातलं आहे, आणि ते कोणत्याही सिनेमात आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

त्या काळी विजेची तार नव्हती. फ्रान्सभर टेकड्यांवर मनोरे, प्रत्येक मनोऱ्यावर हलणारे लाकडी हात. शाप बंधूंची योजना, पॅरिस ते लील ही पहिली ओळ १७९४ ची. एका मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून शेजारच्या मनोऱ्याचे हात बघणार, जसेच्या तसे आपले हात हलवणार, पुढचा त्याचे बघणार. निरोपाचा अर्थ मधल्या कोणालाही कळत नसे. फक्त दोन टोकांना.

काउंट अशा एका मनोऱ्यावर जातो. तिथला माणूस बागेचा वेडा. घुशीसारखा कुठलासा प्राणी त्याची फळं खातो हे त्याचं जगातलं सगळ्यात मोठं दुःख. पगार हजार फ्रँक. निरोप कळत नाहीत यातच तो खूश आहे, कारण जबाबदारी नाही. (आमच्या खात्यात असे पुष्कळ होते, चांगली माणसं.) काउंट त्याच्यापुढे पंचवीस हजार फ्रँक ठेवतो आणि तीन खोट्या खुणा पुढे पाठवायला लावतो. स्पेनचा राजपुत्र डॉन कार्लोस कैदेतून निसटून स्पेनमध्ये पोचला, अशी बातमी मंत्रालयात जाते. तिथून आतल्या गोटातून डांग्लारला (तो आता पॅरिसातला बडा बँकर) कळते. तो आपले स्पॅनिश रोखे मिळेल त्या भावाने विकतो. दुसऱ्या दिवशी खुलासा: धुक्यामुळे खूण चुकीची वाचली गेली. रोखे जितके पडले त्याच्या दुप्पट चढले. डांग्लारला जबर फटका, आणि त्याला कळलंही नाही की कोणी काही केलं.

गंमत म्हणजे असा प्रकार खरा घडला होता. बोर्दोचे ब्लांक नावाचे दोन भाऊ, त्यांनी १८३४ पासून तूर शहरातल्या तार कर्मचाऱ्याला पैसे चारून सरकारी निरोपात पॅरिसच्या बाजारभावाच्या खुणा घुसवल्या. दोन वर्षं कोणाला पत्ता नाही. त्यातला फ्रान्स्वा ब्लांक पुढे माँटे कार्लोच्या कसिनोचा धनी झाला.

तलवार कोणीही फिरवील. धुक्याच्या नावावर माणूस बुडवायला अक्कल लागते. सिनेमावाल्यांनी हे सोडलं याचं मला वैषम्य आहे.

---

तिखटमीठ

आजोबा, साष्टांग नमस्कार! हे वाचून पहिल्यांदाच पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं.

---

फ्रेंच_शिकतोय

इतकी चर्चा झाली आणि २०२४ च्या फ्रेंच सिनेमाचं नाव कोणी काढलं नाही? देलापोर्त आणि द ला पातेलिएर ही दिग्दर्शक जोडी, काउंट झालाय पिएर निने. एकशे अठ्ठ्याहत्तर मिनिटं, आणि तरी फ्रान्समध्ये ९० लाखांवर तिकिटं खपली.

तुमच्या अर्ध्या तक्रारी तिथे दूर होतात. हायदे आहे, नुसती शोभेला नाही तर कटातली भागीदार. व्हिलफोरच्या जिवंत पुरलेल्या अनौरस मुलाची गोष्ट आहे. काउंट एकच माणूस राहत नाही, मुखवटे चढवून वेगवेगळी सोंगं घेतो, पुस्तकात आहे तसं. त्या पोरांना तो सूडाची हत्यारं म्हणून वाढवतो आणि त्याचे परिणाम त्याच्यावर उलटतात. म्हणजे जहाजराव, किंमत मोजली जाते. फारियाचं काम इटलीच्या पिएरफ्रांचेस्को फाविनोने केलंय.

तलवार त्यांनाही सोडवली नाही. फर्नांडशी द्वंद्व आहेच. फक्त शेवटी काउंट त्याला मारत नाही, जिवंत सोडतो.

पण खरं सांगू? त्यात विनोद नाही. २००२ च्या सिनेमात काउंटचा नोकर जाकोपो आहे.

---

तिखटमीठ

जाकोपो!! सगळ्या सिनेमात अक्कल असलेला एकटा माणूस. पैसा मिळाला, बाई अजून प्रेम करते, घे दोघांना आणि चल, असं तो मालकाला सरळ सांगतो. तिथेच ऐकलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

---

शिडाचे_जहाज

जाकोपो झालाय लुईस गुझ्मान. चाकूच्या लढतीत एडमंड त्याला जिवंत सोडतो तिथपासून तो याचा कायमचा माणूस. फ्रेंच_शिकतोय, तुझा मुद्दा मान्य, निनेचा काउंट भारी आहे. पण तो सिनेमा बघताना मी काउंटला घाबरलो, कॅव्हिझेलचा बघताना काउंट व्हावंसं वाटलं. दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जास्त खरं, दुसरं जास्त मजेचं, आणि माझी कुरकूर एवढीच की मजेच्या सिनेमातही पाच मिनिटं भीतीला देता आली असती.

---

गुळांबा

अवांतर: शातो दिफला जाऊन आले आहे. मार्सेयच्या जुन्या बंदरातून बोट जाते. वारा असला की फेऱ्या रद्द, त्यामुळे सकाळीच चौकशी करावी. किल्ला सोळाव्या शतकातला, पहिल्या फ्रान्स्वा राजाने बांधवलेला. तिथे एका कोठडीवर दान्तेसची म्हणून पाटी आहे, शेजारची फारियाची, आणि मधल्या भिंतीत भोकसुद्धा ठेवलंय! न झालेल्या माणसांच्या कोठड्या लोक रांग लावून बघतात आणि जे हजारो प्रोटेस्टंट कैदी खरोखर सडले त्यांच्या फलकापुढे कोणी थांबत नाही. मीही आधी भोकच बघितलं.

मार्सेयला दरवर्षी 'मॉन्ते क्रिस्तो' नावाने पोहण्याची शर्यतसुद्धा होते, किल्ल्यापासून किनाऱ्यापर्यंत पाच किलोमीटर. पायाला तोफेचा गोळा न बांधता.

सिनेमातला किल्ला मात्र हा नाही. तो माल्टाजवळच्या कोमिनो बेटावरचा बुरूज आहे. खऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक दिसतो.

---

आडवाटेचा_वाचक

गुळांबाताईंच्या खऱ्या कैद्यांवरून आठवलं. ड्युमाचा स्वतःचा बाप असाच सडला होता. जनरल तोमा-अलेक्झांडर ड्युमा, कॅरिबियनमधल्या सॅं-दोमिंगच्या एका गुलाम बाईचा मुलगा, फ्रेंच क्रांतीच्या सैन्यात जनरलपदाला पोचलेला. इजिप्तहून परतताना जहाज भरकटलं आणि नेपल्सच्या राज्यात दोन वर्षं कैदेत पडला. सुटला तो शरीराने खचून, आणि नेपोलियनने त्याची कदर केली नाही. मुलगा चार वर्षांचाही नव्हता तेव्हा गेला.

आणि पुस्तकातलं सगळ्यात थंड पान कोणतं सांगू? नेपोलियन एल्बाहून परत येतो, शंभर दिवस त्याचं राज्य. आता एडमंड सुटायला हवा, कारण तो तर नेपोलियनचा माणूस म्हणून आत गेला! जहाजाचा मालक मोरेल अर्ज घेऊन व्हिलफोरकडे जातो. व्हिलफोर म्हणतो, अर्जात एडमंडची सेवा चांगली फुगवून लिहू. लिहितात. तो अर्ज व्हिलफोर दाबून ठेवतो. वॉटर्लू होतं, राजा परततो, आणि सुटकेसाठी लिहिलेला तोच अर्ज आता गुन्ह्याचा पुरावा. पुढे तुरुंगाचा निरीक्षक एडमंडची नोंद काढून बघतो, तर एल्बाहून परतण्यात सक्रिय सहभाग असं लिहिलेलं. खाली शेरा मारतो: काही करता येण्यासारखं नाही.

सरकारी कचेरीत फेऱ्या मारलेल्या कोणालाही हे पान वाचताना घाम फुटेल. सिनेमाला या पानाची गरजच पडली नाही, कारण तिथे फर्नांड आहे. एक दुष्ट मित्र असला की बाकी यंत्रणेला जाब विचारावा लागत नाही.

---

शिडाचे_जहाज

हे शेवटचं वाक्य मला दोन दिवस पुरणार आहे. मित्र खलनायक करण्याचं मी कौतुक केलं होतं ते अजूनही मागे घेत नाही. मात्र त्याच्या बदल्यात काय गेलं ते आता दिसतंय.

---

तिखटमीठ

मंडळी, कामाचं बोला. बारा वर्षांच्या मुलीला २००२ चा दाखवू का? आणि मी स्वतः पुस्तक घेतलं तर कोणतं घेऊ?

---

गुळांबा

दाखव ग. तुरुंगात फटके मारायचे प्रसंग आहेत, तिथे तयारीत राहा. बाकी ठीक. नाहीतर १९३४ चा रॉबर्ट डोनॅटचा कृष्णधवल आहे, त्यात रक्त कमी आणि संवाद जास्त.

---

आजोबा_ऑनलाईन

संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, त्यात नेमका मनोरा कापलेला असतो. इंग्रजीत रॉबिन बसचा अनुवाद पूर्ण आहे. सुरुवातीचं मार्सेय आणि तुरुंग झपाट्याने जातं. मग काउंट रोममध्ये येतो तिथे कथा रेंगाळते, अर्धे लोक तिथेच पुस्तक मिटतात. ड्युमा मुळात रोमपासूनच सुरुवात करणार होता, त्याचा सहलेखक मोके म्हणाला मार्सेयचा भाग सविस्तर लिहा, म्हणून आपण वाचलो. रोम ओलांडा. मनोरा साठाव्या आणि एकसष्टाव्या प्रकरणात आहे.

---

तिखटमीठ

मागवलं. कन्येने सिनेमा अर्धा बघितला, आता जेवणाच्या ताटात पाण्याचे थेंब पाडून त्यातून चमचा फिरवतेय. उरलेला उद्या.